इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरला कंपनी चालवायची असेल तर एमबीए करावं का?

तू लिहिलं की नागपुरातूनच इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीई केलं, सहा वर्षं झाली पुण्यात हार्डवेअर डिझाइन करून राहिलो, बोर्ड चांगले निघतात, साहेब खुश आहेत, पण पुढं कधीतरी इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी चालवायची आहे, तर नोकरी सोडून एमबीए करू का, आणि नागपूरला परत यायचं म्हटलं तर हे सगळं जमते का. उत्तर लांब होईल, कारण मी यातूनच गेलो आणि बऱ्याच ठिकाणी आपटलो पण.

मी ८८ साली व्हीआरसीईतून निघालो, आता तुम्ही पोट्टे त्याला व्हीएनआयटी म्हणता. नऊ वर्षं पुण्यात पॉवर सप्लाय आणि चार्जर डिझाइन केले, ९७ ला वडिलांच्या तब्येतीमुळं परत आलो आणि हिंगणा एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत लागलो, तेव्हा मालक धरून अठरा माणसं होती. २००६ ला मालकांनी खुर्ची दिली, आज साधारण दीडशे माणसं आहेत. तुझ्या डोक्यात सीईओ म्हटलं की काचेची बिल्डिंग येत असेल तर ती इथं नाही बाप्पा, इथं पावसाळ्यात शेडचा पत्रा गळते आणि तो कोणाकडून बदलायचा हेही शेवटी माझ्याच टेबलावर येते.

एमबीएचं आधी संपवून टाकतो. आत्ता नको. नंतर करायचंच असेल तर नोकरी करता करता होते, आता तर आपल्याकडे आयआयएम नागपूर पण आहे, २०१५ ला सुरू झाली, पहिली काही वर्षं व्हीएनआयटीच्याच आवारात होती, मग मिहानला गेली. बॅलन्स शीट वाचायला एक समजदार अकाउंटंट आणि दोन महिने पुरतात. तुझी खरी अडचण वेगळी आहे आणि ती कोणत्या कोर्सनं सुटत नाही.

अडचण ही की तुझ्यासाठी प्रॉडक्ट कुठं संपते? खरं सांग. गर्बर फाइल, म्हणजे बोर्डाचा नकाशा, बनवायला पाठवली, बोर्ड आले, पॉवर दिली, ऑसिलोस्कोपवर वेव्हफॉर्म बरोबर दिसला, टेस्ट रिपोर्टवर सही झाली की तुझ्यासाठी ते संपलं आणि तू पुढच्या बोर्डाला लागला. प्रॉडक्शनवाल्यासाठी ते डिस्पॅचला संपते, सेल्सवाल्यासाठी ऑर्डर आली की संपते, अकाउंट्सवाल्यासाठी चेक क्लिअर झाला की. सर्व्हिसच्या पोराला विचार, तो म्हणेल साहेब ते कधीच संपत नाही. कंपनी चालवणारा माणूस म्हणजे काय तर ज्याच्यासाठी हे सगळं एकच काम आहे, ड्रॉइंगच्या पहिल्या रेघेपासून रिटेन्शनचा, म्हणजे ग्राहकानं अडवून ठेवलेला, शेवटचा दहा टक्के पैसा खात्यात येईपर्यंत. मला हे कळायला पंधरा वर्षं लागली, तुला लवकर कळावं म्हणून लिहून राहिलो.

मोठ्या लोकांचं पाहा. टीएसएमसीचे मॉरिस चँग, आज जगातल्या बहुतेक भारी चिपा ज्यांच्या कंपनीत बनतात. माणूस शिकला मेकॅनिकल, एमआयटीतून, तिथं पीएचडीच्या पात्रता परीक्षेत दोनदा नापास झाला आणि नोकरी शोधू लागला. फोर्ड मोटर महिन्याला ४७९ डॉलर देत होती आणि सिल्व्हेनिया नावाची कंपनी ४८०. त्यांनी फोर्डला फोन करून थोडं वाढवा म्हटलं, तिकडून नाही आलं, तर हे सिल्व्हेनियाच्या सेमीकंडक्टर विभागात गेले. ट्रान्झिस्टर काय असते हे तिथं नोकरीत लागल्यावर रात्री जागून शिकले. तिथून १९५८ ला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स. आता माझ्या दृष्टीनं मुद्द्याची गोष्ट इथं आहे. त्यांना तिथं आयबीएमसाठी ट्रान्झिस्टर बनवणारी लाइन दिली, जिचं यील्ड जवळजवळ शून्य होतं, म्हणजे शंभर बनवा आणि शंभर फेका. त्यांनी प्रोसेसचे आकडे बदलून बदलून काही महिन्यांत ते २० टक्क्यांच्या वर नेलं, आणि तिथून पुढं कंपनीनं त्यांच्याकडे लक्ष दिलं, स्टॅनफर्डला पीएचडीलाही पाठवलं. म्हणजे माणूस वर गेला तो प्रॉडक्शनच्या फरशीवरून. आपल्याकडं डिझाइनवाला प्रॉडक्शनमध्ये गेला की त्याला पनिशमेंट पोस्टिंग वाटते! आणि टीएसएमसी सुरू केली १९८७ ला, तेव्हा वय पंचावन्न. तुझं एकोणतीस आहे, घाई काय आहे तुला.

दुसरं उदाहरण एएमडी या प्रोसेसरच्या कंपनीच्या लिसा सू. त्यांची पीएचडी एमआयटीचीच, १९९४ ची, विषय सिलिकॉनचा एकदम खोल. आयबीएममध्ये चिपच्या आत अॅल्युमिनियमच्या जागी तांब्याचे कनेक्शन आणायचं जे काम झालं त्यात त्या होत्या. आणि मग एक वर्ष त्यांनी काय केलं तर आयबीएमचे सीईओ लू गर्स्टनर यांच्या ऑफिसात टेक्निकल असिस्टंट. लोक ही ओळ वाचून पुढं जातात. मी तिथं थांबतो, कारण एवढ्या भारी इंजिनिअरनं लॅब सोडून वर्षभर मोठ्या साहेबांच्या खोलीत बसून निर्णय कसे होतात, काय नाकारलं जाते, कोण कशासाठी पैसे मागते हे पाहिलं. पुढं फ्रीस्केल या चिपच्या कंपनीत सीटीओ, म्हणजे तंत्रज्ञानाच्या प्रमुख, २०१२ ला एएमडी, आणि ऑक्टोबर २०१४ ला सीईओ. तेव्हा एएमडीची हालत इतकी वाईट होती की कंपनी राहते की जाते असं होतं. त्यांनी काय केलं तर बरंच काही सोडलं आणि झेन नावाच्या नव्या प्रोसेसर डिझाइनवर सगळा भर ठेवला. त्यावरचा रायझन प्रोसेसर बाजारात आला २०१७ ला. मधली अडीच वर्षं विचार कर. तू बोर्ड बनवायला फॅक्टरीत पाठवतो आणि दोन आठवड्यांत कळते की चुकला का बरोबर, खुर्चीवर बसल्यावर उत्तर दोन-तीन वर्षांनी येते आणि तोपर्यंत रोज सकाळी येऊन चेहरा शांत ठेवावा लागते. डिझाइनच्या माणसाला ही गोष्ट सगळ्यात जड जाते, मला तरी गेली.

आता माझं सांगतो, यात माझी इज्जत जाते पण चालते.

२०१२ च्या आसपास आम्ही डीपीवर बसणारे मोडेम बनवत होतो. डीपी म्हणजे गावाबाहेर खांबावर जो ट्रान्सफॉर्मर असते तो, त्याच्या मीटरचं रीडिंग मोबाइलच्या सिमवरून ऑफिसला पाठवायचं, चोवीस तास चालू. तीन हजार युनिटची ऑर्डर होती, काटोल, नरखेड, वरुड या बाजूला लागले. पर्चेसचा मुलगा आला, म्हणाला सर पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आपण १०५ डिग्रीचे, म्हणजे तेवढ्या तापमानापर्यंत चालणारे, घेतो, ते सहा आठवडे मिळत नाही आणि महाग आहेत, दुसऱ्या मेकचे ८५ डिग्रीचे उद्या मिळतात, एका बोर्डामागं सहा रुपये वाचतात. मी घाईत होतो, डिस्पॅचची तारीख डोक्यावर होती, आल्टरनेट पार्टच्या फॉर्मवर सही केली. पॉवर सप्लायमध्ये नऊ वर्षं घातलेला माणूस मी, ही सही माझी.

पहिला उन्हाळा निघाला. दुसऱ्या मे महिन्यात फोन सुरू झाले.

तुला हिशोब माहीत आहे पण तरी मांडतो कारण कंपनीचा हिशोब यातूनच निघते. इलेक्ट्रोलिटिकच्या आतलं द्रव उष्णतेनं हळूहळू उडून जाते, आणि ढोबळ नियम असा की दहा डिग्री तापमान वाढलं की आयुष्य निम्मं. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४५-४६, पत्र्याचा बॉक्स थेट उन्हात, आत ६५ च्या वर, आणि सप्लायच्या बाजूला रिपल करंटची, म्हणजे त्यातून वाहणाऱ्या चढउताराच्या करंटची, स्वतःची गरमी धरून कपॅसिटर ८५ ला टेकते. ८५ चा पार्ट ८५ वर २,००० तास टिकते. दिवसाचे नऊ-दहा तास तो असा तापत राहिला तर २,००० तास म्हणजे दोन उन्हाळे, बस. १०५ चा पार्ट त्याच जागी चौपट चालला असता. पुण्यात हेच डिझाइन कोणाच्या लक्षातही आलं नसतं, पुण्याचा मे आणि नागपूरचा मे यात जो फरक आहे तो डेटाशीटमध्ये कोणी लिहून देत नाही.

वाचले किती? तीन हजार गुणिले सहा, अठरा हजार रुपये. त्या उन्हाळ्यात अकराशेच्या आसपास युनिट गेले आणि सर्व्हिसचा पोरगा मोटरसायकलवर गावात जाऊन, लाइनमनला शोधून, सप्लाय बंद करून बोर्ड बदलून परत यायला, बोर्ड धरून, एका युनिटला नऊशे रुपये पडत होते. गुणाकार तूच कर.

पण माझी मोठी चूक सही नव्हती. मोठी चूक पुढं झाली. ग्राहकाकडं मीटिंग होती आणि मी तिथं इंजिनिअरसारखा उभा राहिलो. मी आलेख दाखवला, की ज्या बॉक्सवर झाडाची सावली आहे ते टिकणार, सगळे तीन हजार जाणार नाही, जे जातील तेवढे बदलून देऊ, सांख्यिकी असं सांगते. माझं गणित बरोबर होतं, आजही बरोबर आहे. समोरच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, मग आम्ही दर महिन्याला कोणतं मीटर वाचायचं आणि कोणतं नाही ते तुम्ही सांगाल का. खोलीत कोणी बोललं नाही.

नंतर कुठंतरी इंटेलच्या पेंटियमची गोष्ट परत वाचण्यात आली. १९९४ ची. चिपच्या भागाकारात चूक होती, एका गणिताच्या प्राध्यापकांना सापडली. इंटेलचं म्हणणं काय, की साध्या वापरात ही चूक २७,००० वर्षांतून एकदा दिसेल, ज्याला खरंच मोठे हिशोब करायचे आहेत त्यालाच बदलून देऊ. अँडी ग्रोव्ह तेव्हा सीईओ, स्वतः केमिकल इंजिनिअरिंगचा पीएचडी, बर्कलेचा, हंगेरीतून पळून आलेला हुशार माणूस. लोक भडकले. डिसेंबरात इंटेलला मागं यावं लागलं, ज्याला पाहिजे त्याला बदलून, आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च पुस्तकात दाखवावा लागला. म्हणजे तोच आपटला जिथं मी आपटलो, फक्त त्याचा आकडा मोठा. आम्ही शेवटी तीन हजारच्या तीन हजार बदलले. त्या वर्षी नफा नव्हता, इन्क्रिमेंट नव्हतं, आणि एका चांगल्या डिझाइनच्या मुलानं राजीनामा दिला, त्याची काहीच चूक नव्हती. पण पुढची ऑर्डर त्याच ग्राहकाकडून आली.

तेव्हापासून आल्टरनेट पार्टच्या फॉर्मवर आमच्याकडं एक रकाना वाढला आहे, पार्ट कुठं बसणार, उन्हात का सावलीत, चोवीस तास का कधीमधी. हसू नको, काम करते.

आता पैशाचं. डिझाइनच्या पोरांना वाटते की नफा म्हणजे विक्री वजा खर्च. तो असतेच, पण कंपनी बुडते ती त्या दोन्हीच्या मधल्या तारखांनी. एक उदाहरण घे, आकडे सोपे करून देतो. समजा एक कोटीची ऑर्डर आली, त्यात वीस टक्के सुटतात, म्हणजे ऐंशी लाख लागणार. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोर्डाचा मेंदू असलेली चिप, बाहेरून येणार, डिस्ट्रिब्युटर नव्या गिऱ्हाइकाला उधारी देत नाही, अॅडव्हान्स मागते, आणि रील पूर्ण घ्यावी लागते, तुला दोन हजार पीस पाहिजे असले तरी अडीच किंवा तीन हजारची रील. माल यायला आठ-दहा आठवडे. मग असेंब्ली, टेस्टिंग, बर्न-इन म्हणजे गरम करून सलग चालवून पाहणं, चार आठवडे. मग ग्राहकाचा इन्स्पेक्शनवाला येणार, तो सुट्टीवर असते. मग डिस्पॅच, मग बिल, मग जीएसटी तू पुढच्या महिन्यात भरून मोकळा होणार आणि पैसे येणार तीन-चार महिन्यांनी, त्यातले दहा टक्के परफॉर्मन्सच्या नावानं वर्ष-दोन वर्ष अडकलेले. वर टेंडरची अनामत आणि बँक गॅरंटी, तिचं मार्जिन वेगळं. म्हणजे पहिला रुपया जूनमध्ये गेला आणि तो परत आला फेब्रुवारीत. या आठ महिन्यांत दर महिन्याच्या सात तारखेला पगार आहेच. बँकेची सीसी लिमिट, म्हणजे रोजच्या खर्चासाठी उचलता येणाऱ्या कर्जाची मर्यादा, पस्तीस लाख असेल तर ही एक कोटीची ऑर्डर तुला आनंद देते का झोप उडवते?

२००९ ला आमचं असंच झालं, तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर आली, पेढे वाटले, आणि पाचव्या महिन्यात पगार नऊ दिवस उशिरा झाला. लाइनवरच्या बायका काही बोलल्या नाही, पण त्यातली एक, सोल्डरिंगला सगळ्यात पक्का हात, दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली साहेब गॅस संपला आहे हो. मी घरी गेलो, आमच्या हिला सांगितलं, तिनं ऐकलं आणि विचारलं, मोठी ऑर्डर घेताना हे तारखांचं कोणी मोजलं नव्हतं का. नव्हतं मोजलं. माझ्याकडं प्रत्येक बोर्डाचं टायमिंग डायग्राम होतं, कोणता सिग्नल कधी येते कधी जाते ते मायक्रोसेकंदापर्यंत, पैशाचं नव्हतं.

मग मी ते काढलं. अक्षरशः टायमिंग डायग्रामसारखं, आडव्या अक्षावर आठवडे, वर पैसे येणार, खाली जाणार. आजही नवीन ऑर्डरवर सही करायच्या आधी हे पान लागते. आता परिस्थिती थोडी बरी आहे, छोट्या उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यायचे हा कायदा २००६ पासून आहे पण तो तेव्हा कोणी मनावर घेत नव्हतं. एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) हे कलम लागू झालं, म्हणजे छोट्या पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाही तर देणाऱ्याला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही, तर खाजगी गिऱ्हाइकांचे अकाउंट्सवाले मार्चमध्ये स्वतः फोन करू लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला पार्टीनं फोन करून विचारलं की साहेब तुमचं किती बाकी आहे!

चिपच्या टंचाईचं थोडक्यात, २०२१ चं. जो मायक्रोकंट्रोलर शंभर-सव्वाशेला मिळत होता तो दलाल हजार-हजार सांगत होते आणि ऑफिशियल डिलिव्हरी ५२ आठवडे. आमच्या डिझाइनच्या पोरांनी दोन प्रॉडक्ट दुसऱ्या कंपनीच्या चिपवर नेले, फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्राम, सगळं परत. तेव्हा लक्षात आलं की कोणता पार्ट घालायचा हा निर्णय तू टेबलावर बसून आवडीनं घेतो ना, तो खरं म्हणजे कंपनीचा मोठा आर्थिक निर्णय असते. जो डिझाइनवाला बीओएमला, म्हणजे पार्टच्या यादीला, दुसरा सोर्स आधीच शोधून ठेवते त्याला मी वरच्या कामाला आधी घेतो, हे आपलं तुला आतलं सांगितलं.

आता सगळ्यात अवघड. स्वतःचं प्रॉडक्ट बंद करणं.

९८-९९ ला मी एक स्टॅबिलायझरचं कंट्रोल कार्ड केलं होतं, ८९सी५१ या मायक्रोकंट्रोलरवर. तेव्हा नागपुरात आणि आजूबाजूला व्होल्टेजचं काय चालायचं हे तुझ्या वडिलांना विचार, संध्याकाळी १६० आणि रात्री बाराला २६०. माझं कार्ड रिले टॅप असे बदलायचं की टीव्हीचं चित्र हलत नव्हतं, स्पर्धक लोक येऊन पाहून जायचे. त्या कार्डानं कंपनीला दहा वर्षं पोसलं, मला खुर्ची पण त्यानंच दिली म्हण ना. पण मग टीव्हीत एसएमपीएस नावाचा पॉवर सप्लाय आला, ९० ते २७० व्होल्टला कुठंही चालणारा, फ्रिजवाले स्टॅबिलायझर लागत नाही म्हणून जाहिरात करू लागले, पुढं इन्व्हर्टर एसी आले. सेल्सचे आमचे एक जुने काका, फक्त बीकॉम, २००८ पासून सांगत होते की साहेब हे आता उतरलं, बंद करा. मी दरवेळी त्याची नवी आवृत्ती काढायचो. डिस्प्ले लावला, मग दुसरा डिस्प्ले लावला. सहा वर्षं. त्या सहा वर्षांत दोन इंजिनिअर, एक लाइन आणि माझं अर्धं डोकं त्यात अडकलेलं, आणि तेवढ्याच काळात सोलरच्या कामात बाकीचे आमच्या पुढं निघून गेले.

ग्रोव्हचीच दुसरी गोष्ट यावर बसते. इंटेल १९६८ ला सुरू झाली तीच मेमरी चिप बनवायला. १९८५ पर्यंत जपानी कंपन्यांनी मेमरीत त्यांना पार झोपवलं होतं. ग्रोव्ह आणि गॉर्डन मूर केबिनमध्ये बसले होते, ग्रोव्हनं विचारलं, आपल्याला इथून काढलं आणि नवा सीईओ आणला तर तो काय करेल. मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग ग्रोव्ह म्हणाला की आपणच दारातून बाहेर जाऊन परत आत येऊ आणि तेच करू. प्रोसेसरवरची इंटेल तिथून पुढं. ऐकायला सोपं आहे. तरी त्यांना ठरवल्यावरही आतल्या लोकांना पटवायला बराच वेळ गेला. मला तर दारातून बाहेर जायलाच सहा वर्षं लागली, आणि शेवटी मी नाही केलं ते, काकांनी केलं. त्यांनी एक दिवस फक्त एक कागद आणून ठेवला, कार्डमागं किती इंजिनिअरचे तास, किती विक्री, किती सुटले. काही बोलले नाही, पान खायला खाली गेले. मी २०१४ ला बंद केलं. शेवटचं कार्ड माझ्या कपाटात आहे.

म्हणून तुला विचारतो, सध्या तुझ्या कंपनीत तू केलेलं कोणतं प्रॉडक्ट बंद व्हायला पाहिजे हे तू सांगू शकतो का? साहेबांचं नाही, तुझं.

माणसांचं काय, यावर लोक पुस्तकं लिहितात, मी एकच सांगतो. तू वर गेल्यावर पहिली दोन वर्षं पोरांचे स्किमॅटिक, म्हणजे सर्किटचे नकाशे, उघडून दुरुस्त करशील, आणि तू बरोबरच असशील, म्हणूनच नुकसान जास्त. मी हेच करायचो. एकानं मला तोंडावर सांगितलं की सर तुम्ही रिव्ह्यूत येता तेव्हा आम्ही डिझाइन अर्धवट आणतो, उरलेलं तुम्ही करताच. तेव्हापासून रिव्ह्यूत मी फक्त प्रश्न विचारतो आणि हात खिशात ठेवतो, हात खिशात ठेवायचं खरंच ठरवून केलं आहे.

नागपूरचं. जमते, पण काय मिळते आणि काय नाही ते समजून ये. पार्टचा बाजार इथं तुटपुंजा आहे, घाई असली तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरिअर किंवा रात्रीच्या गाडीनं माणूस. टाइप टेस्टला, म्हणजे नव्या डिझाइनच्या अधिकृत चाचणीला, वडोदरा नाहीतर भोपाळ करावं लागते. चांगला इंजिनिअर दोन-तीन वर्षांत पुणे-बंगळुरूला जाते, अडवता येत नाही, तू स्वतः गेलाच ना. पण जो लग्न होऊन, आईवडिलांकडं पाहून परत येते तो दहा-पंधरा वर्षं हलत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये जुन्या माणसाच्या डोक्यात जे फील्डचं ज्ञान असते ते पैशानं मिळत नाही. दुसरं, आपण मधोमध आहे, माझा सर्व्हिसचा माणूस संध्याकाळी गाडीत बसला तर सकाळी रायपूर, भोपाळ, हैदराबाद कुठंही उतरते. आणि ऊन. गमतीनं नाही म्हणत, जे युनिट आमच्या गच्चीवर मे महिना काढते ते देशात कुठंही चालते, आता आम्ही प्रत्येक नवीन प्रॉडक्टचे दहा नग मार्चमध्ये गच्चीवर पत्र्याच्या बॉक्समध्ये ठेवून देतो आणि पाऊस पडेपर्यंत काढत नाही.

आणि आपल्या लोकांना हे जमत नाही असं कोणी म्हटलं तर प्रभाकर देवधरांचं नाव सांग. १९६२ ला त्यांनी अॅपलॅब सुरू केली, टेस्टची उपकरणं आणि पॉवर सप्लाय, सगळं इथं डिझाइन करून, ज्या काळात परवान्याशिवाय पान हलत नव्हतं. पुढं राजीव गांधींच्या काळात इलेक्ट्रॉनिक्स कमिशनचे अध्यक्ष होते. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये अॅपलॅबचे पॉवर सप्लाय होते, त्यावरच माझा पहिला ट्रान्झिस्टर जळला.

आता तू काय कर. नोकरी सोडू नको. साहेबांना सांग की पुढचं वर्ष मला एनपीआयमध्ये, म्हणजे नवीन प्रॉडक्ट लाइनवर चढवायच्या कामात टाका, पगार तोच ठेवा. ते चकित होतील, पण नाही म्हणणार नाही, त्या कामाला कोणी स्वतःहून जात नाही. महिन्यातून दोन दिवस सर्व्हिसवाल्यासोबत फिर, त्याच्याच गाडीवर, तुझ्या कारनं नाही. ग्राहकाकडं सेल्सवाला भाव करायला जाते तेव्हा एकदा सोबत जाऊन गप्प बस. आणि सोमवारी अकाउंट्समध्ये जाऊन तुझ्या एका प्रॉडक्टची शेवटची पाच बिलं माग, बिलाची तारीख आणि पैसे आल्याची तारीख एका कागदावर लिही. अकाउंट्सवाले लवकर देणार नाही, इंजिनिअरला हे कायले पाहिजे म्हणतील. चहा पाज, जरा बस त्यांच्याजवळ. त्या पाच बिलांच्या तारखा मला पाठव, मग नागपूरचं पुढचं बोलू.